पांढरी दोन, काळी दोन

बारवी धरणाच्या आसपासच्या अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात हळद असो, वरात असो की गणपतीची मिरवणूक, बेंजो पार्टी नाहीतर ब्रास बँड हवाच. ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन ही वाद्यं इथल्या माणसाला नवी नाहीत. त्यांच्यावर आगरी-कोळी गाणी वाजतात, आरत्या वाजतात, आणि नाचणाऱ्या कुणालाही ही वाद्यं साहेबाची वाटत नाहीत. पण हीच वाद्यं हातात घेऊन कुणी जॅझ वाजवायला लागलं की लगेच ‘हे आपलं नाही’ असा शिक्का बसतो. जॅझ म्हणजे दक्षिण मुंबईचं, मंद दिव्यांचं, इंग्रजीत गप्पा मारणाऱ्यांचं काहीतरी; उल्हासनगरच्या कॅम्पात त्याचं काय काम, ही समजूत इतकी मुरलेली आहे की ती तपासून बघायचं कुणाच्या मनातही येत नाही. मला ती समजूत साफ चुकीची वाटते. माझं म्हणणं असं की जॅझ ऐकायला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी मराठी श्रोत्याच्या घरात आधीपासून आहेत. जॅझचा रंग त्याला जुन्या चित्रपटगीतांनी दिलेला आहे आणि जॅझमधली उपज ओळखण्याची सवय ख्यालाने आणि नाट्यसंगीताने दिलेली आहे. फक्त या दोघांची एकमेकांशी गाठ पडलेली नाही.

आधी रंगाचं बघू. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या काळात ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड अशी मातब्बर मंडळी मुंबईत वाजवत होती, आणि त्यांच्या शेजारी बसून गोव्याहून आलेल्या वादकांनी ही विद्या उचलली. गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी वाचायला आणि वाद्य वाजवायला शिकवत असत, त्यामुळे हात तयार होते; कानाला फक्त नवी वाट हवी होती. हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ हा त्यांतला सर्वांत गाजलेला. ‘चिक चॉकलेट’ या नावाने तो ताजमध्ये आपला बँड चालवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. पुढे इंग्रज गेले, मुंबई राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आला, रात्रीच्या नाचगाण्याच्या जागा ओस पडू लागल्या आणि या वादकांची पोटापाण्याची सोय चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात झाली. तिथे त्यांची गाठ पडली ती पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजे सी. रामचंद्रांशी. चिक चॉकलेट त्यांचा साहाय्यक झाला. १९५१ च्या ‘अलबेला’त हा सगळा संसार एकत्र दिसतो: मराठमोळ्या भगवानदादांचं नाचणं, सी. रामचंद्रांची चाल, आणि पडद्यावर खुद्द चिक आणि त्याचा बँड. १९५७ च्या ‘आशा’तल्या ‘ईना मीना डीका’त तर गोव्याच्या साहाय्यकामुळे कोकणीही शिरली, असं सांगतात. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशनांच्या गाण्यांची वाद्यरचना बांधत होते. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गणपतीच्या मंडपात ‘अलबेला’च्या गाण्यांवर नाचलेल्या पिढ्यांना ट्रम्पेटची ती झणझणीत फेक, क्लॅरिनेटची ती लाडिक वळणं कुणी समजावून सांगावी लागली नाहीत.

पण इथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो बरोबर आहे: ‘अलबेला’ म्हणजे जॅझ नव्हे. त्या गाण्यांत ट्रम्पेट कुठे येणार, किती मात्रा वाजणार, हे आधी कागदावर उतरवलेलं असायचं. तीन-साडेतीन मिनिटांच्या गाण्यात वादकाला स्वतःच्या मनाने भटकायला जागाच नव्हती. म्हणजे आपल्याला जॅझचा पोशाख मिळाला, पण जॅझचा जीव ज्यात आहे ती उपज मिळाली नाही. बेंजो पार्टीचंही तेच. वाजवणारा तयारीचा असला तरी गाण्याची मूळ चाल सोडून फार दूर जाण्याची त्याला मुभा नसते, कारण लोक त्या ओळखीच्या चालीवर नाचायला आलेले असतात. म्हणूनच जुनी चित्रपटगीतं मनापासून आवडणारा माणूस खऱ्या जॅझपाशी आला की गोंधळतो. आवाज ओळखीचा, पण गाणं हरवलेलं. पहिल्या मिनिटानंतर चाल कुठे गेली, हे वादक नक्की काय करताहेत, आणि हे संपणार कधी, हे त्याला कळत नाही. याचं उत्तर चित्रपटगीतांत नाही. ते मिळतं ख्यालाच्या बैठकीत.

ख्याल ऐकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. बंदिशीचा मुखडा एकदा कानात बसला की गवई कितीही लांब गेला तरी ठेका चालू आहे, आवर्तन फिरतं आहे आणि समेवर गाठ पडणार आहे, हे श्रोत्याला ठाऊक असतं. शास्त्र न शिकलेला माणूसही मान हलवून सम दाखवतो. जॅझची बांधणी याच्या इतकी जवळ आहे की ती समजून घ्यायला वेगळा अभ्यासक्रम लागत नाही. आधी सगळे मिळून एक चाल वाजवतात. ती बहुतेकदा बारा किंवा बत्तीस मापांची असते आणि एकेका मापात चार मात्रा असतात. ती चाल संपली की थांबायचं नाही. त्याच लांबीचं आवर्तन गोल गोल फिरत राहतं आणि एकेक वादक त्यावर आपली उपज मांडतो. शेवटी पुन्हा सगळे मुखड्यावर येतात. बारा मापांचं ‘ब्लूज’ म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, म्हणजे सरळ तीन आवर्तनं तीनतालाची. एका रागात जशा कितीतरी बंदिशी बांधल्या जातात, तशा जॅझमध्ये एकाच स्वरसंगतीच्या जमिनीवर कितीतरी चाली उभ्या राहतात. जॉर्ज गर्श्विनच्या १९३० सालच्या ‘आय गॉट रिदम’ची जमीन घेऊन ड्यूक एलिंग्टनने १९४० साली ‘कॉटन टेल’ बांधलं, आणि त्याच जमिनीवर इतर अनेकांनी आपापली घरं बांधली. ढोलकीफडातल्या सवाल-जवाबासारखा प्रकारही तिथे आहे: चार मापं सॅक्सोफोनची, चार मापं ड्रमची, आणि आवर्तन मात्र न चुकता पुढे.

हे सगळं एका ध्वनिमुद्रणात स्वच्छ ऐकू येतं. २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत न्यूयॉर्कच्या कोलंबिया स्टुडिओत माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ ही ध्वनिमुद्रिका केली. जॅझमधल्या सर्वाधिक खपलेल्या मुद्रिकांपैकी ती एक. तिच्यातली पहिली रचना ‘सो व्हॉट’. सुरुवातीला पियानो आणि डबल बास मिळून ठेक्याविना काही सूर चाचपडतात, तो जणू छोटासा आलापच. मग पॉल चेंबर्स डबल बासवर एक वाक्य विचारतो आणि त्याला दोन सुरांचं उत्तर मिळतं, आधी पियानोकडून आणि मग फुंकवाद्यांकडूनही. बस, एवढाच मुखडा. आता पेटी काढा. पांढरी दोन हा षड्ज धरा आणि काळ्या पट्टीला हात न लावता नुसत्या पांढऱ्या पट्ट्या वाजवत वर जा. गंधार कोमल, निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणजे काफी थाट. ‘सो व्हॉट’ याच सुरांवर उभं आहे. पहिली सोळा मापं, म्हणजे तीनतालाची चार आवर्तनं, हे सूर कायम राहतात. त्यानंतर अख्खी इमारत अर्ध्या सुराने वर उचलली जाते: षड्ज काळी दोनवर जातो आणि तोच थाट तिथून सुरू होतो. दोन आवर्तनं तिथे राहून सगळे परत पांढरी दोनवर उतरतात आणि शेवटची दोन आवर्तनं तिथे होतात. चार, दोन, दोन. एक फेरी पूर्ण व्हायला मिनिटभराच्या आसपास वेळ लागतो.

मुखड्याची फेरी संपते त्या क्षणी जिमी कॉब झांजेवर एक घणाघाती आघात करतो आणि त्या झंकारातच माइल्सचा ट्रम्पेट शिरतो. तबल्याच्या तिहाईनंतर सम पडावी तशी ती जागा आहे; तिला दाद द्यायला कुणाचं मार्गदर्शन लागू नये. माइल्स दोन फेऱ्या घेतो आणि एवढ्या मोकळ्या जागेत अगदी मोजके सूर ठेवतो. मधे शांतता सोडतो आणि त्या शांततेत ठेका ऐकू देतो. त्याच्यानंतर जॉन कोल्ट्रेन टेनर सॅक्सोफोनवर दोन फेऱ्या घेतो आणि तीच जागा तानांनी भरून टाकतो. मग कॅननबॉल ॲडर्ली आल्टो सॅक्सोफोनवर खेळकर, गोड, थोडं खट्याळ बोलतो. शेवटी बिल एव्हान्सच्या पियानोची एक फेरी, तिच्यामागे फुंकवाद्यांचं ते दोन सुरांचं उत्तर, आणि परत मुखडा. चार कलावंत, सूर तेच, आवर्तन तेच, आणि चौघांचे स्वभाव चार. एकच बंदिश ग्वाल्हेरच्या आणि किराण्याच्या गायकाकडून लागोपाठ ऐकताना जो आनंद होतो, तो इथे सव्वानऊ मिनिटांत मिळतो. आणि फेरी कुठे आहे हे कळण्याची खूण म्हणजे ती काळी दोन. गुंगून गेलेल्या श्रोत्याला षड्ज अचानक वर सरकल्याचं जाणवतं, पाठोपाठ तो परत खाली बसतो, आणि आपण घरी आलो हे न मोजताही कळतं.

रागसंगीताचा जाणकार इथे हरकत घेईल, आणि त्याचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. काफी थाटाचे सूर म्हणजे काफी राग नव्हे. रागाला वादी-संवादी असतात, चलन असतं, न्यासाच्या जागा असतात. जॅझमध्ये यातलं काही नाही. तानपुरा नाही, त्यामुळे षड्जाचं अधिष्ठान नाही. ‘सो व्हॉट’ मुद्दाम सोपं घेतलं. बहुतेक जॅझ रचनांत स्वरसंगती दर एक-दोन मापांनी बदलते आणि तिथे षड्ज शोधायला गेलेला माणूस घसरगुंडीवर उभा राहिल्यासारखा गडबडतो. हे सगळं मान्य. म्हणूनच मी म्हणतो की जॅझमध्ये राग शोधू नका, आवर्तन शोधा. सुरांच्या बाबतीत दोन्ही संगीतं फार वेगळी आहेत. काळाच्या बाबतीत ती सख्खी शेजारी आहेत. दोन्हींत एक ठरलेला काळ परत परत येतो आणि कलावंत त्या ठरलेल्या काळात न ठरलेलं काहीतरी करतो. तिथेही एक फरक ध्यानात ठेवावा लागतो. आपल्या तालात जोर समेवर असतो. जॅझमध्ये ड्रमवाला पायाने चालवायच्या जोडझांजा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर मिटतो, आणि त्या उलट्या जोरातूनच तो झोका तयार होतो ज्याला तिकडे ‘स्विंग’ म्हणतात. एक-तीनवर टाळी देणाऱ्या हाताने दोन-चारवर चुटकी वाजवून बघावी. दोन मिनिटांत अंग आपोआप डोलू लागतं. आणखी एक: साथीदाराची भूमिका. आपल्याकडे पेटीवाला गवयाच्या मागून सावलीसारखा येतो. जॅझमधला पियानोवाला मुख्य वादकाला मधेच टोकतो, सुचवतो, चिमटे काढतो. ते अगोचरपणाचं वाटून घेऊ नये. तिथे साथीचा अर्थच संवाद आहे.

‘पण आम्हाला तो नुसता गोंगाट वाटतो’ हा आक्षेप बहुतेक वेळा चुकीच्या दारातून आत गेल्यामुळे येतो. कोल्ट्रेनचं १९६५ चं ‘असेन्शन’ पहिल्यांदा ऐकून कुणी कानावर हात ठेवले तर त्याला दोष देता येणार नाही. ते नवशिक्यासाठी नाहीच. सुरुवात तीन मिनिटांच्या जुन्या मुद्रणांपासून करावी. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत तेवढंच मावायचं, आणि मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी तेवढ्या वेळात अख्खा राग उभा केल्याचं आपण जाणतोच. तेच कसब लुई आर्मस्ट्राँगने जून १९२८ मध्ये शिकागोला मुद्रित केलेल्या ‘वेस्ट एंड ब्लूज’मध्ये आहे. आरंभी साथीविना ट्रम्पेटची झेप, मग बारा मापांची फेरी, मधे क्लॅरिनेटला आर्मस्ट्राँगने शब्दांशिवाय, नुसत्या गळ्याने दिलेली उत्तरं. ठुमरी-भावगीत आवडणाऱ्याने बिली हॉलिडेपासून निघावं. ती शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते आणि त्या विलंबातच सगळं दुःख सांगून जाते. तालाची आवड असलेल्याने डेव्ह ब्रूबेकच्या चौकडीचं ‘टेक फाइव्ह’ घ्यावं. पाच मात्रांचं, तीन अधिक दोन असं चालणारं हे गाणं झपतालाची सवय असलेल्या कानाला अजिबात अवघड जात नाही. ब्रूबेक १९५८ च्या दौऱ्यात मुंबईत अब्दुल हलीम जाफर खाँसाहेबांच्या सतारीबरोबर बसून वाजवून गेला होता, ही त्यातली आणखी एक सुखद गोष्ट.

राहिला तो श्रीमंतांच्या चैनीचा मुद्दा. मुंबईत जॅझ ताजच्या नृत्यगृहात आला हे खरं, पण तो तिथे जन्मला नव्हता. न्यू ऑर्लिन्सच्या गरीब कृष्णवर्णीय वस्त्यांत, मिरवणुकांत आणि अंत्ययात्रांत वाजणाऱ्या बँडांमधून तो घडला. आर्मस्ट्राँग तिथल्याच दारिद्र्यात १९०१ साली जन्मला आणि अनाथ-उनाड मुलांच्या सुधारगृहातल्या बँडमध्ये वाजवायला शिकला. ताजमधले गोव्याचे वादकही नाचणाऱ्यांच्या वर्गातले नव्हते. ते पगारावर वाजवणारे कष्टकरी होते. वरातीत वाजवणाऱ्या अंबरनाथच्या बँडवाल्याशी त्यांचं नातं ताजच्या पाहुण्यांपेक्षा कितीतरी जवळचं आहे. तेव्हा कारखान्यांच्या आणि निर्वासितांच्या कॅम्पांच्या या पट्ट्याने जॅझला ‘आमच्या लायकीचं नाही’ किंवा ‘आम्ही त्याच्या लायकीचे नाही’ म्हणावं, यात मला दोन्ही बाजूंनी अन्याय दिसतो.

ही देवाणघेवाण एकतर्फीही नाही. कोल्ट्रेनने १९६१ साली ‘इंडिया’ नावाची रचना वाजवली आणि मुलाचं नाव पंडित रविशंकरांवरून रवी ठेवलं. सॉनी रोलिन्ससारखा सॅक्सोफोनवादक साठच्या दशकाच्या अखेरीस काही महिने पवईच्या आश्रमात राहिला आणि १९७८ च्या पहिल्या ‘जॅझ यात्रा’ महोत्सवात मुंबईकरांनी त्याला ऐकलं. पण मला सर्वांत बोलका वाटतो तो त्रिलोक गुर्टूंचा दाखला. १९२५ साली बेळगावात जन्मलेल्या ठुमरीसम्राज्ञी शोभा गुर्टू यांचा हा मुलगा. तबल्यावर वाढला, पुढे ‘ओरेगॉन’ या अमेरिकी गटात आणि जॉन मॅकलाफ्लिनच्या त्रयीत वाजवू लागला. १९८८ च्या ‘उस्फ्रेट’ या त्याच्या मुद्रिकेत आईचा आवाज आहे आणि जॅझचा ट्रम्पेटवादक डॉन चेरीही आहे. घरातल्या रियाजाचा कान जॅझमध्ये नेता येतो, त्यासाठी तो कापून नवा बसवावा लागत नाही, याचा याहून चांगला पुरावा कुठला असणार?

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. मोबाईलच्या इवल्याशा स्पीकरवर जॅझ ऐकू नका. डबल बासची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांची. तो स्पीकर तितक्या खाली उतरूच शकत नाही, आणि बास गेला की आवर्तनाचा कणाच गेला. बदलापूर ते सीएसएमटी हे सुमारे ६८ किलोमीटरचं अंतर गाणी ऐकायला पुरेसं वाटतं, पण लोकलची घरघरही नेमकी खालच्या सुरांत असते आणि ती बासला झाकून टाकते. गाडीत बिली हॉलिडे चालेल, ‘सो व्हॉट’ नाही. त्यासाठी रात्रीची निवांत वेळ आणि साधे इअरफोन पुरेत. एकच रचना आठवडाभर ऐका, रोज नवी शोधू नका. पहिल्या रात्री वादकांची नावं, वर्षं, शैली सगळं विसरा. हवं तर शेजारी पेटी ठेवा आणि षड्ज काळी दोनवर कधी चढतो, तेवढंच पकडा.